मदत हवी आहे: वीज नसलेल्या कॅम्पवर वटवाघळांच्या विष्ठेतला आरएनए टिकवायचा कसा?

मंडळी, फील्डवर व्हायरॉलॉजीचं काम केलेल्यांची मदत हवीये. मध्य आफ्रिकेतल्या गॅबॉनमध्ये लोपे नॅशनल पार्कजवळ फळखाऊ वटवाघळांच्या झाडाखाली रात्री प्लास्टिक अंथरून पहाटे ताजी विष्ठा गोळा करतोय, त्यातला व्हायरसचा आरएनए (जनुकीय द्रव्य) तपासायला. वटवाघळं पकडायची परवानगी नाही आणि ते नकोच, गॅबॉन-काँगोतल्या अशाच वटवाघळांत इबोलाचा आरएनए सापडल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालंय.

कॅम्पवर सोलरवर जेमतेम फोन नि हेडलॅम्प चार्ज होतात, लिक्विड नायट्रोजन नाही, आणि सॅम्पल ट्रेनने फ्रान्सव्हिलच्या सीआयआरएमएफ (वैद्यकीय संशोधन केंद्र) लॅबला पोचेपर्यंत दोन-तीन आठवडे सहज जातात. आरएनएलेटर (आरएनए टिकवायचं द्रावण) वापरून पाहिलं, पण ते २५ अंशाला आठवडाभर आणि ३७ ला फक्त दिवसभर धरतं, त्यात हवा एवढी दमट की ट्यूबवरची लेबलंसुद्धा सुटतात, पीसीआरला (आरएनए शोधायच्या चाचणीत) बँड पुसट येतायत, शिवाय त्याने व्हायरस मरेल याची खात्री नाही. ट्रायझॉल (व्हायरस मारून आरएनए राखणारं रसायन) नको, फिनॉल असल्यामुळे विमानाने आणणं अवघड आणि उघड्यावर हाताळणं धोक्याचं.

आता डीएनए/आरएनए शील्डचा (व्हायरस निष्क्रिय करून आरएनए टिकवणारा बफर, म्हणजे द्रावण) विचार चालू आहे. कुणी ते विष्ठेवर, अशा हवेत वापरलंय का, आणि विष्ठा नि बफरचं प्रमाण किती ठेवलंत?