नाईक यशवंत घाडगे: इंग्रजांनी दिलेल्या पदकाचा अभिमान बाळगावा का?

डोंगरवाट:
रायगडातल्या माणगावात नाईक (हा फौजेतला हुद्दा) यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४, दुसरं महायुद्ध. इटलीत तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधला त्यांचा सेक्शन, म्हणजे छोटी तुकडी, अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडला. बाकीचे सगळे ठार नाहीतर जखमी. घाडगे एकटेच त्या मोर्च्यावर धावून गेले. हातबॉम्बने गन आणि गनर संपवले, आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, म्हणून टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना ठेचलं. मग दबा धरलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. एकट्याने जिंकलेल्या त्याच मोर्च्यात त्यांनी प्राण सोडला. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मरणोत्तर मिळाला. अशा माणसाला कुणी ‘इंग्रजांचा भाडोत्री’ म्हटलं की माझं रक्त उसळतं.

कोरडवाहू:
शौर्याबद्दल दुमत नाही, पण त्यावर मोहोर कुणाची? १९३९ मध्ये व्हाइसरॉयने इथल्या एकाही नेत्याला न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरवला. ४२ साली नेते तुरुंगात, ४३ साली बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली. अशी पदकं वाटून साम्राज्य पुढची भरती करत होतं. त्या पदकाला मी तरी हात जोडणार नाही.

सायली_पुणे:
समोर कोण होतं तेही बघा ना. हिटलरची फौज! इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांवर भारतीय लढले, पाच हजार सातशेहून अधिक तिथेच राहिले. तिथल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये घाडग्यांच्या नावाने छायाघड्याळाचं स्मारक उभारलं. परक्यांना त्यांची किंमत कळते.

कोरडवाहू:
सायलीताई, कळणारच. त्यांचा मुलूख सुटला. आपला मात्र पुढची तीन वर्षं गुलामच होता. त्यांचा हिशेब आपल्याला कसा लागू पडेल?

जुना_शिपाई:
फौजेत होतो म्हणून सांगतो. त्या क्षणी माणूस राजासाठीही धावत नाही आणि पदकासाठीही नाही. डोळ्यांसमोर आपली पोरं पडलेली असतात. माझी तक्रार वेगळीच आहे. त्या सेक्शनमधल्या बाकीच्यांची नावं तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहेत? पदक एकाच्या छातीवर लागतं आणि उरलेले ‘ठार किंवा जखमी’ एवढ्या दोन शब्दांत आटोपतात. घाडग्यांची तर ओळखीची कबरही नाही. इटलीतल्या कासिनोच्या युद्धस्मारकावर फक्त नाव आहे.

डोंगरवाट:
काका, हे मनाला लागलं. कोरडवाहू, ३९ चा निर्णय आणि बंगालचा दुष्काळ मुलांना शिकवलाच पाहिजे, त्याच धड्यात १० जुलैही असू दे. साम्राज्याचं पाप त्या २२ वर्षांच्या पोराच्या माथी का मारायचं?

कोरडवाहू:
त्याच्या माथी मारतच नाही. पुतळ्याला हार घालायला मीही येईन. पण भाषणात व्हिक्टोरिया क्रॉस आधी आणि माणूस नंतर आला, तर तिथंच उभा राहून विरोध करीन.