‘दहा नॉट गाठीला असू द्यावेत’: हा सल्ला देणाऱ्यांसाठी धागा

उलटा_वारा
काल इथे एकाने लिहिलं, ‘आखूड धावपट्टीवर उतरताना विमानाच्या पुस्तकातल्या वेगापेक्षा दहा नॉट (वेगाचं माप) जास्तच ठेवावेत, गाठीला असलेले बरे.’ खाली टाळ्याच टाळ्या. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

सेस्ना १७२ एस या छोट्या विमानाचं पुस्तक पूर्ण फ्लॅपला (पंखांच्या मागच्या झडपा पूर्ण खाली) ६१ नॉट सांगतं. समुद्रसपाटी, १५ अंश, ५० फुटांचा अडथळा ओलांडून थांबेपर्यंत १,३३५ फूट, त्यातली जमिनीवरची धाव ५७५. आता ६१ चे ७१ करा. ब्रेकला जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ३५ टक्के जास्त. तेही चाकं टेकल्यावर. त्याआधी विमान जमिनीपासून हातभर वर तरंगत बसतं आणि पट्टी खालून निघून जाते, त्याचा हिशेब कोण देणार?

आणि ते ६१ पूर्ण वजनाचे. एकटेच असाल, टाकी अर्धी असेल, वजन २० टक्क्यांनी उतरलं असेल, तर स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत) साधारण १० टक्क्यांनी खाली येतो. गाठीला आधीच आहेत हो!

निवृत्त_कप्तान
बाळा, पुस्तक मीही वाचलंय. पुस्तक लिहिणारा वैमानिक रोज उडणारा, विमान कोरं. आमच्याकडे महिन्यातून दोन तास उडणारे येतात.

एका क्लबात (नाव नको) एक शिकाऊ नाक वर करून, इंजिनच्या जोरावर विमान ओढत आणत होता. ‘पुस्तकातला’ वेग गाठायच्या नादात त्याच्याही खाली गेला. पट्टी सुरू व्हायच्या आधीच विमान धपकन बसलं. पुढचं चाक वाकडं, प्रोपेलर गेला. पोरगा वाचला, पण पुन्हा उडाला नाही. जास्त वेगाने येणारा निदान पलीकडच्या कुंपणात जातो, हा अलीकडच्याच कुंपणात गेला. तुझे ३५ टक्के त्याच्या आईला जाऊन समजाव.

उलटा_वारा
काका, तो पुस्तकाच्या खाली गेला. मी पुस्तकाच्या वर जाऊ नका म्हणतोय. दोन्हीचं पाप माझ्या माथी का?

हनुमान_रोड
मी वैमानिक नाही, पार्ल्यात राहतो. तुमच्या त्या ‘५० फुटांच्या अडथळ्या’वर बोलू का? तो अडथळा म्हणजे आम्ही! फनेल झोनमध्ये, म्हणजे विमानांच्या उतरायच्या वाटेखाली, इमारत आहे आमची. छताचं प्लास्टर जेवणाच्या ताटात पडतं. बिल्डर येतो, उंचीची मर्यादा ऐकतो, चहा पितो आणि जातो. तिसरा बिल्डर गेला. वडील ८४ वर्षांचे, लिफ्ट नाही.

निवृत्त_कप्तान
अहो, ते ५० फूट म्हणजे गणितातलं कुंपण. तुमच्या इमारतीचा संबंध नाही.

हनुमान_रोड
तुमच्यासाठी गणित, आमच्यासाठी प्लास्टर.

डीएन_नगर
+१. जुहूचा विमानतळ हलवा. चार हेलिकॉप्टरसाठी अख्खं पश्चिम उपनगर बुटकं ठेवलंय.

उलटा_वारा
१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी कराचीहून टपाल घेऊन जुहूलाच उतरले होते. देशातल्या नागरी विमानवाहतुकीचा उंबरठा आहे तो, आणि तुम्हाला तिथे टॉवर हवेत?

डीएन_नगर
उंबरठ्यावर राहून दाखवा मग. इतिहासाने गळती थांबत नाही.

पावसाळी_ढग
जुहू निघालंच आहे म्हणून. १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट हे प्रवासी जेट सांताक्रूझचा मोठा विमानतळ समजून जुहूला उतरलं, नंतर तिथून उडवून बाहेर काढावं लागलं. १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ या प्रवासी जेटने तीच चूक केली. ते पट्टी संपवून पुढे गेलं आणि भंगारात निघालं. माणसं वाचली हे नशीब. कप्तानसाहेब, पट्टी आखूड आणि वेग लांब पट्टीचा असला की काय होतं, त्याचं हे उदाहरण.

निवृत्त_कप्तान
चुकीच्या विमानतळावर उतरणं आणि चुकीच्या वेगाने उतरणं यातला फरक तुम्हाला कळत नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

डीएन_नगर
म्हणजे विमानं चुकून आमच्या डोक्यावर येणार आणि तरी आम्हीच अडथळा. वा!

गिरगाव_ते_आयडाहो
भांडा, पण अर्धं अर्धं बोलू नका. इकडे अमेरिकेत, आयडाहोच्या जॉन्सन क्रीकला गवताची पट्टी आहे, उंची पाच हजार फुटांच्या आसपास. उन्हाळी दुपारी हवा सात हजार फुटांवरच्यासारखी विरळ होते. वेगाचा मीटर ६१ दाखवतो आणि जमीन ६८ ने पळते. डोळ्यांना वाटतं फार वेगात आहोत, हात आपोआप मागे खेचतो आणि स्टॉल जवळ येतो. कप्तानांचा पोरगा बहुधा असाच फसला असणार. म्हणून मी डोळ्यांवर नाही, मीटरवर उतरतो. पण मीटरवर दहा चढवूनही उतरत नाही. उंच असलो तर स्लिप मारतो (विमान तिरकं धरून उंची उतरवतो), वेग तोच.

आणि दरीतल्या, एकाच बाजूने उतरायच्या पट्ट्यांवर शेवटच्या क्षणी गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) नसतोच. समोर डोंगर असतो. परत फिरायची जागा आधीच ठरवावी लागते. तिथे ‘गाठीला’ काही नसतं.

टेलव्हील_भक्त
स्लिप ठीक, पण शेपटीला चाक असलेल्या विमानात आखूड पट्टीला थ्री-पॉइंटच, तिन्ही चाकं एकदम. व्हील लँडिंग करणारे, आधी पुढची दोन टेकवणारे, हौशी.

गिरगाव_ते_आयडाहो
व्हील लँडिंगमध्ये शेपूट वर असते, पुढचं दिसतं, वजन लवकर चाकांवर येऊन ब्रेक धरतो. यावर नवा धागा काढा, मी तिथे येऊन भांडतो.

उलटा_वारा
काका, वारा झोताचा (मध्येच जोर धरणारा) असेल तर झोताच्या फरकाचा अर्धा भाग वर धरायचा, हे मला मान्य आहे. १५ चा वारा, झोत २५, तर पाच नॉट. पण शांत हवेत एकही नाही.

निवृत्त_कप्तान
शांत हवा म्हणे. मे महिन्यात दुपारी दोनला धुळ्याच्या पट्टीवर ये, मग शोधू दोघं मिळून. बरं, दहा नाही. पाच, तेही झोत असेल तर. आणि हे मी तुझ्या टक्क्यांमुळे म्हणत नाही, डोळ्यांच्या फसवणुकीचा त्या आयडाहोवाल्याचा मुद्दा बरोबर आहे म्हणून.

उलटा_वारा
एवढंही पुष्कळ झालं. उद्या कॅलेंडरवर लाल गोल करतो.

हनुमान_रोड
रविवारी सोसायटीची सभा आहे. ते ५० फूट गणितातलं कुंपण आहे हे आमच्या चेअरमनना कुणी समजावेल का? ते गेली सहा वर्षं त्याच कागदावर बोट ठेवून बसलेत. वडे आमच्याकडून.

निवृत्त_कप्तान
कितव्या मजल्यावर? गुडघे दुखतात माझे.