मदत हवी आहे: बास अ‍ॅम्प कार्यक्रमात मध्येच बंद पडतो, जास्त वॉटचं हेड घेऊ का? (नागपूर)

चारतारा:
नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून आमचा पाच जणांचा बँड आहे. लग्नसराईत लॉनवर वाजवतो, एरवी कॉलेज नाहीतर कॅफे. गेल्या आठवड्यात वर्धा रोडच्या एका लॉनवर संगीत होतं. तिसऱ्या गाण्यात माझ्या बास गिटारचा आवाज गायब! हेडवर (अ‍ॅम्पचा स्पीकर नसलेला डबा) लाल दिवा, थोड्या वेळानं आपोआप चालू, पाचव्या गाण्यात पुन्हा तेच. ड्रमर माझ्याकडे पाहून राहिला, मी अ‍ॅम्पकडे. नवरीचे मामा येऊन विचारतात, "भाऊ, लाइन गेली का?"

हेड क्लास-डी आहे, ४ ओहमला ५०० वॉट. माझं कॅबिनेट (स्पीकरचा खोका) दोन दहा इंची स्पीकरचं, ८ ओहमचं. प्रॅक्टिसला कधीच तक्रार नाही. लॉनवर आवाज पुरत नाही म्हणून त्या दिवशी मित्राचं पंधरा इंची कॅबिनेट जोडीला आणलं होतं. स्पीकरची दुसरी केबल नव्हती, गिटारची लावली.

८०० वॉटचं हेड घेतलं तर प्रश्न सुटेल का? बजेट ४० हजार, आणि सगळं ऑल्टोत मावलं पाहिजे.

मंद्रसप्तक:
पैसे खिशातच ठेवा. मित्राचं कॅबिनेट किती ओहमचं?

चारतारा:
मागची पट्टी घासून गेली आहे, आकडा दिसतच नाही.

मंद्रसप्तक:
मग मल्टिमीटर लावा. कॅबिनेट अ‍ॅम्पपासून पूर्ण सोडवा, केबलचं एक टोक कॅबिनेटमध्ये ठेवून दुसऱ्या टोकावर मोजा. मीटर छापील आकड्यापेक्षा कमीच दाखवतो. ८ ओहमचं कॅबिनेट ६ च्या आसपास, ४ चं ३ च्या जरा वर.

चारतारा:
माझं ६.१. मित्राचं ३.४. म्हणजे ते ४ ओहमचं.

मंद्रसप्तक:
सापडलं. हेडला मागून दोन कॅबिनेटं जोडली की ती समांतर जातात. ८ आणि ८ चे होतात ४, पण ८ आणि ४ चे होतात २.६७. तुमच्या हेडवर "किमान ४" लिहिलं असणार, बघून घ्या. त्याच्या खाली गेलं की हेड झेपेल त्याहून जास्त करंट ओढतं, तापतं आणि स्वतःला वाचवायला बंद होतं. बिचारं आपलं काम करत होतं. शिवाय त्या जोडीत ४ ओहमवाल्याला तुमच्या कॅबिनेटच्या दुप्पट पॉवर जाते, म्हणजे तुमचे दहा इंची मागेच पडणार.

गिटारची केबल मात्र पुन्हा लावू नका. आत केसासारखी बारीक तार आणि भोवती जाळी असते, ती पिकअपच्या इवल्याशा सिग्नलसाठी. स्पीकरच्या केबलला दोन जाड तारा लागतात. कार्यक्रमानंतर ती हाताला गरम लागली होती का?

चारतारा:
जॅक कोमट होता. मला वाटलं मे महिन्यानं!

मंद्रसप्तक:
😄 ८०० वॉटचा नाद सोडा. ५०० चे ८०० केले तर जेमतेम २ डेसिबल वाढतात. त्यापेक्षा तुमच्याच मॉडेलचं ८ ओहमचं दुसरं कॅबिनेट घ्या. सध्या एका कॅबिनेटवर हेडची जवळपास निम्मी पॉवरच बाहेर येते आहे. दुसरं लागलं की पूर्ण मिळेल आणि हवा ढकलायला कोनही (स्पीकरचे पडदे) दुप्पट होतील. लहान कॅबिनेटं दोन फेऱ्यांत का होईना, ऑल्टोत जातात.

बर्डीचा_साउंडवाला:
मी मिक्सरच्या बाजूनं सांगतो. उघड्या लॉनवर पाठीला भिंत नसते, खर्ज तसाच निघून जातो. मोकळ्या ई तारेची पट्टी ४१ हर्ट्झ. ती शेवटच्या खुर्चीपर्यंत नेणं सबचं (खर्जाचे मोठे स्पीकर) काम. हेडच्या डीआयमधून (मिक्सरला थेट सिग्नल देणारं आउटपुट) मला लाइन द्या आणि कॅबिनेट स्वतःला व ड्रमरला ऐकू येईल एवढंच ठेवा. जनरेटरवर गुणगुण आली तर डीआयचा ग्राउंड लिफ्ट (त्या लाइनचा ग्राउंड तोडणारं बटण) दाबा. प्लगची अर्थची पिन काढणारे महाभाग पाहिले आहेत, बाप्पा, तसं करू नका. जिवाशी खेळ आहे.

आणि उन्हाळ्यात हेड बंद गाडीत ठेवू नका. पंख्याची जाळी रंगाच्या कोरड्या ब्रशनं साफ करा, लॉनची धूळ आणि फुलांचा चुरा तिथंच अडकतो. कॅबिनेट खडखडलं तर लगेच स्पीकर फाटला समजू नका, आधी स्क्रू तपासा. समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, एकच करकचून नाही.

चारतारा:
धन्यवाद दोघांनाही. ब्रश मारला, जाळीतून निशिगंधाची अख्खी पाकळी निघाली. माझं मॉडेल आता येत नाही म्हणतात. एक पंधरा इंची, ८ ओहमचं, जुनं मिळून राहिलं. घेऊ का?

मंद्रसप्तक:
मीटर सोबत न्या. दोन्ही हातांनी कोन हळूच, सरळ आत दाबा. खरखर ऐकू आली तर कॉइल घासते आहे, परत फिरा. मग ९ व्होल्टची बॅटरी केबलला क्षणभर टेकवा, प्लसला प्लस. कोन बाहेर आला पाहिजे. तुमच्या जुन्या कॅबिनेटवरही तेच करून पाहा. एक बाहेर, एक आत असेल तर दोन्ही मिळून खर्ज एकमेकांचा खाऊन टाकतील, आणि तुम्ही पुन्हा इथं ८०० वॉट विचारायला याल.