माळ्यावरच्या पाइपात वायर अडकली आहे, मदत हवी

कोकणातलं कौलारू घर. माळ्यावर उंदरांनी कुरतडल्यामुळे माजघराची लाइन बदलतोय. २० एमएमचा पीव्हीसी पाइप, अंदाजे १८ फूट, मध्ये दोन बेंड. जुन्या वायरी काढून १.५ स्क्वेअर एमएमच्या तीन टाकायच्यात, अर्थिंगसकट.

वायर ओढायची स्प्रिंग दोन्ही बाजूंनी घालून पाहिली, दुसऱ्या बेंडलाच अडते. टाल्कम पावडर लावून झाली. जुनी वायर हातभर येते आणि घट्ट बसते. जोर केला तर तुटेल. मेन स्विच बंद करून, टेस्टरने तपासूनच हात लावतो. (पहिला टेस्टर फळ्यांच्या फटीत गेला, दुसरा सुतळीने गळ्यात बांधलाय. पक्कड कालपासून बेपत्ता, बहुधा सुकत घातलेल्या नारळांखाली.)

फळ्या उचकटता येणार नाहीत. उंची जेमतेम साडेतीन फूट, आणि दहानंतर कौलं तापली की वर थांबवत नाही.

बेंडपाशी पाइप कापून तिथे जंक्शन बॉक्स बसवू, की हा पाइप सोडून वाशांवरून नवाच टाकू? कापायचा तर आतली वायर शाबूत ठेवून कसा कापायचा? नवी वायर तिलाच बांधून ओढायचीये.