राब भाजायचा की बंद करायचा?

घोडबंदरकर: राहतो ठाण्यात, पण मुरबाडला दोन एकर भात आहे आणि तिथे आजीचं राज्य. ती दरवर्षी पावसाआधी राब भाजते, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागी शेण, त्यावर ऐनाच्या तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत असे थर रचून वरून माती टाकायची आणि वाऱ्याच्या उलट दिशेने हळूहळू धुमसत जाईल असं पेटवायचं. यंदा गावात एका मीटिंगमध्ये सांगितलं की राब बंद करा, झाडं बोडकी होतात. आजी म्हणते राब नाही तर आवण (लावणीची रोपं) नाही. बिनराबाचं आवण कोणी केलंय का?

शहापूरची_सून: आजी चुकीची नाही हो. भाजल्याने तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं आणि माती भुसभुशीत होते म्हणून लावणीच्या वेळी आवण मुळं न तुटता उपटता येतं. ज्याने पावसात वाकून खणायचं काम केलंय त्याला विचारा याची किंमत. पण मीटिंगवालेही खोटं बोलत नाहीत, ऐन आधीच कमी उरलेत आणि शेण जाळण्यापेक्षा खत म्हणून जास्त कामाचं. तसा हा वाद नवा नाही, इंग्रजांनी 1885 ला फॉरेस्ट कमिशन नेमलं ते ठाणे नि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांसाठीच, त्यातही राबासाठी फांद्या तोडायच्या हक्काचं भांडण होतंच.

घणसोलीचा_आगरी: आमच्याकडे राब नव्हताच भाऊ 😄 खाडीकाठची खारजमीन, फांद्या आणणार कुठून? आजोबा बियाला मोड आणून चिखलात फेकायचे, रहू म्हणतात त्याला. पहिल्या पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन जाईपर्यंत थांबायचं आणि बांध, उघाडी (पाणी सोडायचं-अडवायचं दार) सांभाळायची, भरतीचं पाणी आत आलं की पीक गेलं. आता तिथे टॉवर आहेत, ते जाऊ दे. सांगायचं एवढंच की जशी जमीन तशी रीत.

शहापूरची_सून: हां, आणि मधला रस्ता आहे. चारसूत्री म्हणून भातलागवडीची सुधारित पद्धत आहे, तिच्यात रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख मिसळतात, त्यात सिलिका असते, रोप कणखर होतं आणि खोडकिडा कमी लागतो. गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) बांधावर लावा, त्याचा पाला चिखलणीच्या आधी शेतात टाकायचा, तोडला तरी परत फुटतो. आम्ही तीन वर्षं असंच करतो, तण मात्र हाताने काढावं लागतं, ते लपवत नाही.

घोडबंदरकर: आजीला फोन केला. एका वाफ्यापुरतं करून बघ म्हणाली, बाकी राब माझाच. तुसाची राख मिळते कुठे?

शहापूरची_सून: भात गिरणीच्या मागे ढीग असतो, बहुतेक फुकटच देतात. काळी बघून घ्या, जळून पार पांढरी झालेली नको.