मुलांना आई कशी दिसते? चित्र, खेळ, पोळी आणि गोधडी : अनुभव धागा

‘तुला आई किती आवडते?’ असं मुलाला विचारून फारसं काही कळत नाही, कारण त्याचं उत्तर ठरलेलं असतं. मूल आईचे हात कसे काढतं, भातुकलीत तिच्या कोणत्या आवाजात बोलतं, तिच्या जुन्या साडीचा तुकडा कसा ओळखतं, यातून मात्र खूप कळतं. मुलांबरोबर रोज काम करणाऱ्यांना म्हणूनच लिहायला बोलावलं आहे. किस्से नकोत, रीत लिहा. साहित्य काय, किती, कोणत्या वयाला, आणि कुठे बिघडतं तेही लिहा.

बालवाडी ताई, सातारा

आईचं चित्र काढायला लहान कागद देऊ नका. साध्या वहीच्या पानाच्या दुप्पट तरी हवा, म्हणजे खांद्यापासून हात फिरतो. कागद जमिनीवर चारही कोपऱ्यांना चिकटपट्टीने बसवा. चार वर्षांखालच्या मुलाला जाडे खडू तीनच द्या. बाराची पेटी पुढे ठेवली की चित्र राहतं बाजूला आणि मूल रंग काढण्या-भरण्यातच रमतं.

तीन-साडेतीनच्या सुमारास बंद गोल जमतो आणि त्या गोलालाच पाय फुटतात. पोट नाही, मान नाही, डोक्यातून दोन काड्या खाली. हे चुकलेलं चित्र नव्हे, या वयात जगभरची मुलं माणूस असाच काढतात. धड साधारण पाचव्या वर्षाच्या आसपास येतं. मधल्या काळात मोठ्यांनी ‘पोट कुठाय?’ विचारलं की मूल एक गोल चिकटवतं, आणि पुढच्या चित्रात आपल्याला हवं तेवढंच काढतं.

‘आईचं चित्र काढ’ म्हणण्याऐवजी ‘आई काय करतेय ते काढ’ म्हणा. फरक लगेच दिसतो. नुसती आई काढायला सांगितली तर टिकली, वेणी, बांगड्या येतात. काम सांगितलं की हात येतात, आणि लाटणाऱ्या किंवा केस विंचरणाऱ्या आईचा एक हात दुसऱ्यापेक्षा कितीतरी लांब निघतो. जो भाग काम करतो तो मुलं मोठा काढतात. मुलांच्या चित्रांचा अभ्यास करणाऱ्या व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या पुस्तकात ही गोष्ट सविस्तर मांडली आहे.

चित्रावरून घरातल्या नात्यांचं भविष्य मात्र सांगू नका. आई कोपऱ्यात लहानशी आली, कारण आधी पंखा काढला आणि जागा संपली. चेहरा काळा आला, कारण काळा खडू हाताशी होता. एका चित्रावरून काहीच ठरत नाही.

आणि एक. वर्गात सगळ्यांच्या घरी आई असतेच असं नाही. ‘घरी तुझं सगळं करणारं माणूस काढ’ म्हटलं की आजी, बाबा, मावशी, सगळे कागदावर येऊ शकतात.

अंगणवाडी सेविका, बीड

वरच्या ताईंचं पटलं, पण माझा भर चित्रापेक्षा भातुकलीवर आहे. चित्रात मूल आई दाखवतं, भातुकलीत ते आई होतं. खेळणं चकचकीत नको. दोन पातेली, एक झाकण, एक चमचा, जुनी पिशवी, बंद पडलेला मोबाईल, ओढणीचा तुकडा एवढं पुरतं. खायला चुरमुरे, भाजलेले शेंगदाणे, गुळाचे बारीक खडे. पाच वर्षांखालच्यांना अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. त्यांच्यासाठी कूट ठेवा.

मोठ्यांनी खेळात शिरायचं नाही. पाहुणा म्हणून बोलावलं तर जायचं, कपभर खोटा चहा घ्यायचा आणि उठायचं. ‘आई असं ओरडते का गं?’ हा प्रश्न तर अजिबात नको. मूल दचकतं आणि त्या दिवसापुरता खेळ मोडतो.

मुलग्यांना पोळपाटापासून हटकायचं आणि मुलींना तिथेच बसवायचं, हे आपण नकळत करतो. सामान मधोमध ठेवा आणि कुणी काय उचलायचं ते मुलांवर सोडा.

चित्रकला शिक्षक, सांगली

आठ-नऊ वर्षांनंतर अडचण वेगळी. मुलांना आता ‘आईसारखी’ आई काढायची असते आणि नाक जमत नाही. खोडरबराने कागद फाटतो, चित्र बंद होतं. या वयाला चेहऱ्याचा हट्ट सोडा आणि वस्तू काढायला द्या. तिच्या रोजच्या चपला, चष्मा, डबा, पर्समधल्या सगळ्या गोष्टी टेबलावर मांडून. टाच झिजलेली चप्पल नीट काढली की तिच्या चालण्याचा कल कागदावर येतो.

चेहराच काढायचा असेल तर कागदाकडे न बघता काढायचं. आई भाजी निवडत असते तेव्हा ती दहा मिनिटं एका जागी असते. मुलाने समोर बसून नजर तिच्यावर ठेवायची, पेन्सिल न उचलता कपाळापासून हनुवटीपर्यंत नजरेच्याच वेगाने हळू उतरायचं. तीन मिनिटं पुरतात. रेषा वेडीवाकडी येते, डोळे एकमेकांवर चढतात, पण पाहिलेलं खरं असतं. खोडरबर आधीच काढून घ्या.

पोळ्यांचं काम करणाऱ्या काकू, पुणे

पोळी लाटणं ही मुलांना आईच्या हाताजवळ नेणारी सगळ्यात सोपी गोष्ट आहे. मुलासाठी वेगळी कणीक भिजवा, आपल्यापेक्षा थोडी सैल. एक वाटी कणीक, चिमूट मीठ, चमचाभर तेल, अर्ध्या वाटीच्या आसपास पाणी. पाणी एकदम ओतू नका, पीठ जुनं-नवं असतं तसं ते कमी-जास्त पितं. वीस मिनिटं झाकून ठेवाच. न मुरलेली कणीक लाटली की आखडते, आणि मूल जोर लावत बसतं.

तीन-चार वर्षांचं मूल नुसते उंडे करेल आणि तळव्याने चपटे करेल. पाच-सहाव्या वर्षी लाटणं द्या, बारीक आणि हलकं. पोळीचा नकाशा होतो, कारण मूल मधोमध दाबतं आणि पोळी फिरवत नाही. दोनदा लाटणं फिरवलं की पोळी पाव वळसा फिरवायची, जोर कडेला द्यायचा. पिठी फार लावली की पोळी कडक होते आणि तव्यावर पिठी जळते. तव्याचं काम मोठ्यांचं. आणि मुलाने लाटलेली पोळी भाजून ताटात वाढा. ‘ही चिऊला घालू’ म्हणून बाजूला ठेवलीत तर उद्या ते लाटायला येणार नाही.

हस्तकला वर्ग घेणारी, ठाणे

आईच्या हाताशेजारी मुलाचा हात, असा ठसा करायचा तर कणीक नको, मैदा घ्या. कणकेतला कोंडा ठसा खडबडीत करतो. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाणी पाऊण वाटीपासून सुरू करून गोळा जुळेपर्यंत. दहा मिनिटं मळा. जाडी एक सेंटीमीटरपेक्षा कमी ठेवा, जाड चकती वरून सुकते आणि आतून ओली राहून तडकते. ओव्हन असेल तर १०० अंशावर दोन-तीन तास. घाईने तापमान वाढवलं की फुगे येतात आणि बोटांच्या रेषा जातात.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हे करू नका. मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि चकती पुन्हा मऊ पडते. उन्हाळ्यात करून, पूर्ण सुकल्यावर दोन्ही बाजूंनी वॉर्निश लावलं तर टिकते. यात मीठ फार असतं, तेव्हा लहान मूल किंवा घरातला कुत्रा खाणार नाही हे बघा.

प्राथमिक शिक्षिका, नाशिक

नोकरी करणाऱ्या आईचा अर्धा दिवस मुलाला दिसतच नाही. त्यासाठी ‘आईचा दिवस’ ही पट्टी करा. दहा सेंटीमीटर रुंद, एक मीटर लांब कागद. त्यावर चार-चार सेंटीमीटरचे चोवीस चौकोन, एका तासाला एक. दुकानातल्या बिलाचा रोल वापरायचा मोह होतो, पण तो गुळगुळीत कागद खडू धरत नाही आणि उष्णतेने काळा पडतो. साधे कोरे कागद कापून जोडा.

आधी मुलाने एकट्याने भरायचं. माहीत नाही तो चौकोन कोरा सोडायचा, अंदाज लिहायचा नाही. मग आईने कोऱ्या चौकोनांत शब्द न लिहिता चित्रं काढायची. कंडक्टर आईने तिकिटाचं मशीन, नर्स आईने सलाईनची बाटली, शेतावर जाणाऱ्या आईने खुरपं. ‘मला चित्र येत नाही’ म्हणून आईने पट्टी बाबांकडे सरकवू नये, तिच्या हाताची वाकडी रेघच हवी आहे. पट्टीत बहुतेकदा पहाटेचे आणि मुलं झोपल्यावरचे तास कोरे राहतात. त्यावर भाषण न देता पट्टी मुलाच्या उंचीला भिंतीवर लावा.

गोधडी शिवणाऱ्या मावशी, सोलापूर

आईच्या साडीची गोधडी मुलाने आईबरोबर शिवायची असेल तर पहिली लहान करा, १०० बाय ७५ सेंटीमीटर. साडी साडेपाच मीटरची, पन्हा एकशे दहाच्या आसपास. पन्ह्याच्या बाजूने १०८ आणि लांबीच्या बाजूने ८२ असे तुकडे कापले तर एका साडीतून सहा निघतात. चार थर गोधडीला, उरलेले दोन ठिगळांना. कापण्याआधी साडी उजेडाकडे धरून बघा, निऱ्यांचा आणि बसण्याचा भाग विरलेला असतो. तो आतल्या थरात घाला.

सगळे थर सुतीच हवेत. मधे एक सिंथेटिक थर घातला तर पहिल्या धुण्याला सूत आटतं, सिंथेटिक आटत नाही आणि गोधडीला कायमच्या सुरकुत्या पडतात. एखादा नवा कपडा असेल तर आधी धुऊन घ्या.

थर फरशीवर पसरा. गादीवर पसरलेत तर गादीचा अभ्रा टाक्यात येतो. कडेला वजनं ठेवा. मधून चारी बाजूंना कच्चा दोरा घाला म्हणजे सुरकुत्या बाहेर ढकलल्या जातात. कडा दीड सेंटीमीटर आत दुमडा, मग धावदोरा. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गाठी पडतात. टाका अर्ध्या सेंटीमीटरचा, ओळींत दोन सेंटीमीटर अंतर. मुलाने खडूने ओळी आखाव्यात. सहा-सात वर्षांच्या मुलाला मोठ्या नाकाची सुई आणि एक पूर्ण ओळ द्या, मधली. त्याचे टाके मोठे-लहान येतील, ते उसवून नीट करू नका. आजूबाजूच्या ओळी कापड धरून ठेवतात, गोधडी काही सुटत नाही.

ठिगळं कुठे लावायची हे मुलाला ठरवू द्या. काठाचा तुकडा हातात आला की ‘ही आत्याच्या लग्नातली’ हे ते आपणहून सांगतं. तेवढा वेळ सुई थांबवावी.

ग्रंथपाल, जळगाव

मुलं आईबद्दल बोलतात ते जसंच्या तसं टिपून ठेवा. आमच्या जिल्ह्याला याची मोठी आठवण आहे. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी त्यांच्याच बोलीत उतरवून ठेवली. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि संग्रह १९५२ मध्ये छापून आला. आईचं बोलणं ‘शुद्ध’ करून लिहिलं असतं तर त्यातलं किती उरलं असतं, हा विचार मुलांचं बोलणं लिहिताना जरूर करावा.

रीत सोपी. दरवर्षी त्याच एका दिवशी तेच दहा प्रश्न. ‘आई चांगली आहे का’ असले नकोत. आई उठल्यावर पहिलं काय करते? तिची बसायची जागा कुठली? तिच्या हाताला कसला वास येतो? ती कशाला हसते? उत्तरं फोनवर रेकॉर्ड करताना फोन वीतभर अंतरावर ठेवा, पंखा बंद करा. कुकरची शिट्टी येऊ द्या, ती त्या घराचीच आहे. लिहिताना ‘करतीय’, ‘येऊन राहिली’, जे बोललं गेलं तेच लिहा.

मराठी शाळेत शिकवणारी, न्यू जर्सी

इथली मुलं अर्धं वाक्य इंग्रजीत बोलतात. आईबद्दल बोलताना मराठी कुठे येतं ते लक्ष देऊन ऐका: खाणं, आजारपण, रागावणं, झोपवणं. तेही सरमिसळ जशीच्या तशी उतरवावी. ‘मराठीतच सांग’ म्हटलं की मूल गप्प होतं किंवा पाठ केलेलं निबंधाचं वाक्य म्हणतं.

आश्रमशाळेतले शिक्षक, डहाणू

वारली चित्रातला माणूस सात-आठ वर्षांच्या मुलांना आईचं काम काढायला फार उपयोगी आहे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वर गोल डोकं, काडीचे हातपाय. वरचा त्रिकोण पुढे झुकवला की ती भातलावणी करते, सरळ ठेवून हात वर नेले की डोक्यावर हंडा. नाक-डोळ्यांची भीतीच उरत नाही. तीन चमचे तांदळाचं पीठ, थोडं पाणी, थोडा डिंक, आणि टोक चेचलेली बांबूची काडी. खाकी कागदावर गेरूचा हात देऊन वाळू द्या. डिंक नसेल तर पांढरं सुकल्यावर झडतं. पीठ पातळ झालं तर रेषा पसरते.

लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर काढतात तो चौक मात्र मुलांना नमुना म्हणून देऊ नका. तो सवासिनी विधी म्हणून लिहितात, त्यात पालघट देवी असते. जवळच कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९५० च्या दशकापासून परिसरातल्या बिया, दगड, पानांवर बालशिक्षण उभं केलं, ते गावाच्या रीतींचा मान राखून.

कागद-जतन करणारे, कोल्हापूर

इतकं जमल्यावर ते टिकायलाही हवं. चित्राच्या मागे पेन्सिलने तारीख, वय वर्षं-महिन्यांत, आणि मूल चित्राबद्दल जे बोललं ते. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. जपून ठेवताना चिकटपट्टी चित्राला लावू नका, काही वर्षांत पिवळी पडते आणि डाग मागे ठेवते. तेलखडूच्या चित्रांमध्ये बटर पेपर घाला, नाहीतर एकाचा रंग दुसऱ्यावर जातो. गुंडाळी करून माळ्यावर टाकण्यापेक्षा सपाट फाईलमध्ये, बाहेरच्या भिंतीला न टेकता ठेवा, ओल भिंतीतूनच येते. फोटो खिडकीजवळ, फ्लॅशशिवाय, फोन कागदाला समांतर धरून. सगळं ठेवता येत नाही. वर्षाची दहा चित्रं निवडा, पण निवड मुलाकडून करून घ्या. मोठे सुबक चित्र उचलतात, आणि डोक्याला पाय फुटलेली आई रद्दीत जाते.