कोलिओसो भावांचं जॅझ: पुढे गेलं की सोपं झालं?

खर्ज
लंडनच्या एझ्रा कलेक्टिव्ह या जॅझ बँडने २०२३चा मर्क्युरी पुरस्कार, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान, जिंकला. १९९२पासूनच्या या पुरस्कारावर त्याआधी एकाही जॅझ बँडने नाव कोरलं नव्हतं. तरी बरेच जाणकार म्हणतात, हे नाचायचं संगीत, यात जॅझ कितीसं? मला हे साफ नामंजूर आहे. फेमी कोलिओसो ड्रम्सवर, धाकटा भाऊ टीजे बेस गिटारवर. फेमी शिकला टोनी अ‍ॅलनकडे, म्हणजे नायजेरियाच्या फेला कुटीच्या अ‍ॅफ्रोबीटचा, त्या आफ्रिकी ताल आणि जॅझ-फंकच्या मिश्रणाचा, ठेका ज्यांनी घडवला त्यांच्याकडे. हे दोघे खाली इतके पक्के असतात की वर ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनला हवं तिकडे भटकता येतं. अ‍ॅफ्रोबीट, रेगे, साल्सा, सगळं येतं आणि सांधा कुठे दिसत नाही. या पिढीत जॅझ पुढे गेलंय ते लयीच्या अंगाने, असं माझं ठाम मत आहे.

कोमल_निषाद
लयीबद्दल वाद नाही. पण कॉर्ड्सचं, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांचं, तेच तेच चक्र फिरत राहतं, त्याचं काय? पाहुणे गायक-रॅपर येतात आणि सोलो, म्हणजे एकेका वादकाचं स्वतंत्र वादन, रंगायच्या आत आटोपतो. नाचतं संगीत म्हणून सूट द्यायची असेल तर आधी ब्रेकर बंधू ऐका. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे रँडी (ट्रम्पेट) आणि मायकल (टेनर सॅक्स). १९७५च्या पहिल्याच अल्बममध्ये खाली फंकचा ठेका आणि वर ट्रम्पेट-टेनर सॅक्सच्या अशा नागमोडी, अंगावर येणाऱ्या जागा, की त्या बसवताना आजही चांगल्या वादकांना घाम फुटतो. पाय हलतात म्हणून त्यांनी स्वरांचं काम कमी केलं नाही.

खर्ज
ब्रेकर बंधू फुंकवाद्यांवर होते, ठेका दुसऱ्यांच्या हाती होता. इथे भाऊच पाया आहेत. बेस कुठे थांबतो आणि ड्रम ती जागा कशी भरतो, ते ऐका. कॉर्ड्स मोजून हे हाती लागायचं नाही.

दादरकर
शिवाय नाचाचं वावडं जॅझला कधी होतं? १९३०च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये ड्रमर चिक वेबचा बँड लोकांना नाचवतच होता. त्याच दशकात आपल्या मुंबईत, ताजमहाल हॉटेलात, लिऑन अ‍ॅबीचा बँड वाजवत होता तोही नाचणाऱ्यांसाठीच.

सरावी
सगळं श्रेय भाऊपणाला देऊ नका. १९९१मध्ये गॅरी क्रॉस्बी आणि जनीन आयरन्स यांनी लंडनमध्ये टुमॉरोज वॉरियर्स ही जॅझ शिकवणारी संस्था सुरू केली. तिथे तरुणांना फुकट शिकायला मिळतं. एझ्रा तिथेच जमला. सॅक्सोफोनवादक नुबाया गार्सिया आणि ड्रमर मोझेस बॉइडही तिथलेच. त्या कुणाला बँडमध्ये भाऊ लागला नाही.

कोमल_निषाद
दादरकर, नाच मान्य. माझी तक्रार वेगळी आहे. एझ्रामध्ये जो आर्मन-जोन्स नावाचा इतका चांगला कीबोर्डवादक असताना त्याला जागा का देत नाहीत? एक तरी रचना अशी करा, जिथे हे दोघे भाऊ दहा मिनिटं नुसता ठेका धरतील आणि तो मनसोक्त वाजवेल.